अन्नधोरण व लोकसहभाग : शिरूर व दौंड तालुके

राष्ट्राचे अन्नधोरण ठरविताना अन्न पिकविणारे, विकणारे व खाणारे अशा सर्वसामान्य लोकांचे मत, अनुभव व साक्ष यांना स्थान देण्याच्या पद्धतीस अन्नधोरणातील लोकसहभाग असे म्हणतात. अन्नधोरणात मुख्यतः पाच प्रश्नांचा निर्णय अंतर्भूत असतो : कोणती पिके घ्यावयाची, त्यांना पाणी कोठून व किती द्यावयाचे, उत्पादकास भाव काय मिळावा, धान्याचा साठा कोणी करावा आणि गरजूंना ते कोणत्या दराने व कोणत्या मार्गाने पोहोचवावे. यांपैकी प्रत्येक निर्णयाचे परिणाम गावपातळीवर भोगावे लागतात. निर्णय मात्र बहुधा राजधानीत होतो. हे अंतर कमी करणे हा लोकसहभागाचा हेतू होय.

लोकसहभागाचे स्थूलमानाने दोन प्रकार आढळतात. पहिल्यात धोरणाचा किंवा धोरणाच्या अभावाचा फटका बसल्यानंतर लोक अर्ज, साक्ष, बहिष्कार, संप वा मोर्चा या मार्गांनी आपले म्हणणे मांडतात. दुसऱ्यात निर्णय होण्यापूर्वीच त्यांचे मत घेण्याची तरतूद असते. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड या तालुक्यांच्या सु. दीडशे वर्षांच्या इतिहासात पहिल्या प्रकाराची उदाहरणे ठळकपणे दिसतात. दुसरा प्रकार अद्यापि अपुराच राहिला आहे. त्या दृष्टीने हे दोन तालुके या विषयाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहेत.

प्रदेश व पीकरचना : शिरूर तालुका भीमेच्या उत्तरेस व दौंड तालुका दक्षिणेस आहे. शिरूर हे गाव घोड नदीकाठी असल्याने ते घोडनदी या नावानेही ओळखले जाते. दौंड हे भीमाकाठचे लोहमार्ग प्रस्थानक आहे. जुन्या महसुली विभागणीत दौंडचा परिसर भीमथडी तालुक्यात मोडत असे. दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. पाऊस थोडा व अनिश्चित असल्याने खरिपात बाजरी व रब्बीत ज्वारी ही येथील परंपरागत पिके होत. भाकरी हा लोकांचा मुख्य आहार आणि कडबा हा जनावरांचा आधार असल्यामुळे ज्वारीचे पीक बुडाले, की माणूस व जनावर दोघांवरही एकाच वेळी संकट येते. दौंडमध्ये खडकवासला प्रकल्पाचा उजवा कालवा, तर शिरूरमध्ये घोड व चासकमान या प्रकल्पांचे पाणी पोहोचल्यावर बागायती क्षेत्रात ऊस, कांदा व भाजीपाला यांची लागवड वाढली. परिणामी एकाच तालुक्यात जिराईत व बागायत असे दोन भिन्न हितसंबंध निर्माण झाले. अन्नधोरणाचा कोणताही निर्णय या दोहोंवर सारखा परिणाम करीत नाही.

कर्ज, धान्य व १८७५ चे दंगे : एकोणिसाव्या शतकात येथील शेतकऱ्याचे अन्न व त्याचे कर्ज यांची सांगड पक्की होती. पेरणीसाठी बियाणे व पावसाळ्यात खाण्यासाठी धान्य सावकाराकडून घ्यावयाचे आणि सुगीनंतर पिकातून ते फेडावयाचे, असा क्रम असे. महसुलाचे वाढीव दर आणि १८६५ नंतर कापसाच्या भावात झालेली घसरण यांमुळे हा क्रम मोडला. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे या गावी एका सावकाराने न्यायालयाचा हुकूमनामा मिळवून गावातील देशमुखांच्या मालमत्तेवर टाच आणली, तेव्हा गावकऱ्यांनी त्याच्यावर बहिष्कार टाकला. त्याच्या शेतावर काम करण्याचे व त्याची घरगुती कामे करण्याचे लोकांनी नाकारले. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे (सध्या बारामती तालुका) येथे बाजाराच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले आणि धान्याची दुकाने लुटली. हे लोण पुणे व अहमदनगर (सध्याचा अहिल्यानगर) जिल्ह्यांतील अन्य गावांत पसरले.

शासनाने नेमलेल्या दख्खन दंगे आयोगाने शेतकरी, सावकार व अधिकारी यांच्या साक्षी नोंदविल्या. त्याचा परिणाम म्हणून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम संमत झाला. या अधिनियमाने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत कर्जाच्या दाव्यात मूळ व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासण्याचे अधिकार न्यायालयास दिले आणि कर्जापायी शेतकऱ्यास होणाऱ्या कैदेस आळा घातला. गावकऱ्यांची साक्ष कायद्यापर्यंत पोहोचल्याचे हे या भागातील पहिले ठळक उदाहरण होय. तथापि त्यासाठी प्रथम दंगा व्हावा लागला, हेही लक्षात घेतले पाहिजे.

१८७६-७७ चा दुष्काळ व सार्वजनिक सभा : दंग्यांपाठोपाठ दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. पुण्यात २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने या काळात जे कार्य केले, ते अन्नधोरणातील लोकसहभागाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. सभेचे चिटणीस गणेश वासुदेव जोशी (सार्वजनिक काका) व न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून पिकांची स्थिती, धान्याचे भाव, जनावरांची हानी व दुष्काळी कामांवरील मजुरी यांविषयी माहिती गोळा केली आणि तिच्या आधारे दुष्काळाचे वृत्तान्त शासनास वेळोवेळी सादर केले. शासकीय अहवालाशेजारी लोकांनी जमविलेल्या माहितीचा अहवाल ठेवण्याची ही पद्धत त्या काळी नवीन होती.

या दुष्काळात मुख्य वाद मजुरीच्या प्रमाणाविषयी होता. व्हाइसरॉयचे दुष्काळविषयक प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी दुष्काळी कामावरील मजुराच्या रोजच्या मजुरीतील धान्याचे प्रमाण १ पौंडावर (सु. ४५० ग्रॅ.) आणण्याचे धोरण पुरस्कारिले. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसास एवढे अन्न पुरत नाही, असे मजुरांचे म्हणणे होते. मुंबई इलाख्यात ही कपात लागू होताच हजारो मजूर काम सोडून निघून गेले. सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. ‘माणसाला जगण्यास व कष्ट करण्यास किती अन्न लागते’ हा प्रश्न अशा रीतीने प्रथमच सार्वजनिक वादाचा विषय झाला.

दुष्काळी कामांच्या खुणा या भागात आजही आहेत. १८७८ मध्ये सुरू झालेला दौंड-मनमाड लोहमार्ग मुख्यतः दुष्काळी मजुरांकडून बांधून घेण्यात आला. सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला व त्यावरून दुष्काळसंहितांचा पाया घातला गेला. मजुरी धान्याच्या बाजारभावाशी निगडित असावी, हे तत्त्व या संहितांतून मान्य झाले. १८९६-९७ च्या दुष्काळात सभेची सूत्रे लोकमान्य टिळकांच्या अनुयायांकडे होती. संहितेने दिलेल्या सवलती लोकांना समजावून सांगण्यासाठी सभेने गावोगाव कार्यकर्ते पाठविले. शासनास हे रुचले नाही व १८९७ मध्ये त्याने सभेची मान्यता काढून घेतली. नियम करणे आणि त्या नियमांचे ज्ञान लोकांपर्यंत जाऊ देणे या भिन्न गोष्टी आहेत, हे या प्रसंगावरून स्पष्ट झाले.

नियंत्रण, शिधावाटप व सक्तीची खरेदी : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबई शहरात १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले. त्याच वर्षी नेमलेल्या अन्नधान्य धोरण समितीने शिधावाटप व शासकीय धान्यखरेदी यांचा पुरस्कार केला. स्वातंत्र्याच्या सुमारास नियंत्रणे ठेवावीत की उठवावीत, याविषयी तीव्र मतभेद होते. अ. दि. गोरवाला व पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा समावेश असलेल्या वस्तुमूल्य मंडळाने घाईने नियंत्रणे उठविण्यास विरोध दर्शविला होता. १९५५ चा जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९६५ मध्ये स्थापन झालेले भारतीय अन्न महामंडळ व त्याच वर्षीचा कृषी मूल्य आयोग (१९८५ पासून कृषी परिव्यय व मूल्य आयोग) यांतून आधुनिक अन्नधोरणाची चौकट उभी राहिली. आयोगाच्या रचनेत शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना स्थान असले, तरी आयोगाचे काम शिफारशीपुरते मर्यादित आहे.

महाराष्ट्र शासनाने १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास ज्वारी व भात यांच्या एकाधिकार खरेदीची योजना अंमलात आणली. शहरांना स्वस्त धान्य मिळावे, हा तिचा हेतू होता. ज्वारी पिकविणाऱ्या तालुक्यांतील शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र तिचा अर्थ ठराविक दराने धान्य देण्याची सक्ती असा होता. येथे उत्पादक व ग्राहक यांच्या हितातील विरोध उघड झाला. ग्राहकांच्या बाजूने १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर इ. नेत्यांच्या मार्गदर्शनाखाली लाटणे मोर्चे काढले. उत्पादकांच्या बाजूने शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८० च्या सुमारास शिरूरच्या शेजारील खेड तालुक्यात चाकण येथे कांद्याच्या भावासाठी आंदोलन केले. दोन्ही आंदोलने अन्नाच्या भावासंबंधीच होती; परंतु स्वयंपाकघर व शेत यांना एकत्र बसवून भावाचा विचार करणारे व्यासपीठ त्या वेळी नव्हते.

१९७२ चा दुष्काळ व रोजगार हमी : १९७२-७३ च्या दुष्काळाची झळ शिरूर, दौंड व लगतच्या तालुक्यांस बसली. खडी फोडणे, पाझर तलाव व बंडिंग यांच्या कामांवर लाखो मजुरांनी राज्यात काम केले. कामावर वाटली जाणारी सुकडी व परदेशातून आलेला मिलो यांची आठवण जुन्या पिढीत अद्यापि टिकून आहे. या अनुभवातून, तसेच वि. स. पागे यांच्या पुढाकाराने व श्रमिक संघटनांच्या रेट्याने रोजगार हमी योजना आकारास आली. तिचा अधिनियम १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्यास काम व न दिल्यास बेकारी भत्ता, हे तिचे मूळ तत्त्व होते. अन्न विकत घेण्याची ऐपत हा अन्नधोरणाचाच भाग आहे, हा विचार त्यामागे होता. २००५ मधील राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमास महाराष्ट्राचा हा अनुभव मार्गदर्शक ठरला.

पाणी व पिकांची निवड : कोणते अन्न पिकवावयाचे हे पुष्कळदा पाण्याच्या वाटपातच ठरून जाते. पाटस येथील भीमा व न्हावरे येथील घोडगंगा या सहकारी साखर कारखान्यांच्या स्थापनेनंतर कालव्याखालील जमिनीत उसाला हक्काची बाजारपेठ मिळाली. उसाचा किमान दर कायद्याने बांधलेला असतो व खरेदीदार जवळ असतो. ज्वारी-बाजरीला आधारभूत किंमत जाहीर होते, परंतु त्यांच्या शासकीय खरेदीची व्यवस्था गहू-तांदळाइतकी भक्कम नाही. त्यामुळे शेतकरी उसाकडे वळला, यात त्याच्या स्वभावापेक्षा धोरणाचा भाग अधिक आहे. खडकवासल्याच्या पाण्यावर पुणे शहर, दौंड व इंदापूर या सर्वांचा हक्क असून आवर्तनांचा विचार कालवा सल्लागार समितीत होतो. लोकप्रतिनिधी व अधिकारी यांचा तीत सहभाग असतो. जिराईत शेतकरी व भूमिहीन यांचा आवाज तेथे क्षीण राहतो.

या बाबतीत शेजारच्या पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर उभारलेली पाणी पंचायत उल्लेखनीय आहे. तीत पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवरून देण्यात आला, भूमिहीनांचा हक्क मान्य केला गेला आणि उसास मनाई करण्यात आली. सर्वांस अन्न पुरावे म्हणून पिकांची निवड सामुदायिक संमतीने करता येते, हे या प्रयोगाने दाखवून दिले. २००५ च्या महाराष्ट्र सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमाने पाणीवापर संस्थांना कायदेशीर स्थान दिले. परंतु त्यांचे सदस्यत्व लाभक्षेत्रातील जमिनीशी जोडलेले आहे.

अन्नसुरक्षेचा कायदा : १९९७ मध्ये सार्वजनिक वितरणव्यवस्था लक्ष्याधारित झाली व लाभार्थींची वर्गवारी सुरू झाली. महाराष्ट्रातील पिवळी, केशरी व शुभ्र शिधापत्रिका ही तिचीच परिणती होय. २००१ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. न्यायालयाने अन्नविषयक योजना हा लाभार्थींचा हक्क मानला आणि २००२ मध्ये ग्रामसभांना या योजनांच्या सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार मान्य केला. या प्रक्रियेतून पुढे आलेले अन्नसुरक्षा विधेयक डिसेंबर २०११ मध्ये लोकसभेत मांडण्यात आले. विलास मुत्तेमवार यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय स्थायी समितीने त्यावर जनतेच्या सूचना मागविल्या व जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये देशातील ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्क्यांपर्यंत व नागरी लोकसंख्येच्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना दरमहा माणशी ५ किग्रॅ. धान्याचा आणि अंत्योदय कुटुंबांना ३५ किग्रॅ. धान्याचा हक्क मिळाला. तांदूळ ३ रु., गहू २ रु. व भरडधान्य १ रु. प्रतिकिग्रॅ. असे मूळ दर होते. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत देण्यात येऊ लागले. लोकसहभागाच्या दृष्टीने अधिनियमातील पुढील तरतुदी महत्त्वाच्या आहेत : शिधापत्रिकेवर कुटुंबातील १८ वर्षांवरील ज्येष्ठ स्त्री कुटुंबप्रमुख मानली जाते, वितरणाच्या नोंदी जनतेस खुल्या ठेवाव्या लागतात, स्थानिक प्राधिकरणांनी वा नेमलेल्या संस्थांनी वेळोवेळी सामाजिक अंकेक्षण करावयाचे असते, राज्य, जिल्हा, तालुका व दुकान या पातळ्यांवर दक्षता समित्या नेमावयाच्या असतात, तक्रारींसाठी जिल्हा तक्रार निवारण अधिकारी व राज्य अन्न आयोग असतात, तसेच रास्त भाव दुकाने देताना पंचायती, बचत गट व सहकारी संस्था यांना प्राधान्य द्यावयाचे असते.

गावपातळीवरील यंत्रणा : ७३ व्या घटनादुरुस्तीने (अंमल १९९३) ग्रामसभेस घटनात्मक स्थान दिले. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. शिधापत्रिकेच्या यादीतून कोणाचे नाव गळले, दुकानात धान्य किती आले, शाळेतील पोषण आहार कसा आहे, हे प्रश्न तेथे विचारता येतात. परंतु दोन वर्ग या सभेबाहेर राहतात. गळीत हंगामात बीड, अहिल्यानगर इ. जिल्ह्यांतून येणारे ऊसतोडणी मजूर येथे काही महिने राहतात. त्यांची ग्रामसभा व शिधापत्रिका मात्र दूरच्या गावी असतात. शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक क्षेत्रात काम करणाऱ्या परप्रांतीय कामगारांचीही स्थिती तशीच आहे. २०१९ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या योजनेने त्यांना कोणत्याही रास्त भाव दुकानातून धान्य घेण्याची सोय झाली. धान्याचा हक्क अशा रीतीने त्यांच्याबरोबर प्रवास करू लागला, मताचा हक्क मात्र मागेच राहिला.

अन्य देशांतील प्रयोग : ब्राझीलमध्ये १९९३ साली स्थापन झालेल्या व २००३ मध्ये पुनरुज्जीवित झालेल्या राष्ट्रीय अन्न व पोषण सुरक्षा परिषदेत दोन-तृतीयांश सदस्य लोकसंघटनांचे असत व ती थेट राष्ट्राध्यक्षांना सल्ला देई. २०१९ मध्ये ती बरखास्त झाली व २०२३ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आली. कॅनडाने २०१७ पासून देशभर विचारविनिमय करून २०१९ मध्ये राष्ट्रीय अन्नधोरण जाहीर केले. भारतात कायद्यांचे मसुदे किमान ३० दिवस जनतेसमोर ठेवावेत, असे पूर्वविचारविनिमयाचे धोरण केंद्र शासनाने २०१४ मध्ये स्वीकारले. तथापि ते कायद्याने बंधनकारक नाही. २०२० च्या कृषिविषयक कायद्यांबाबत पुरेसा विचारविनिमय झाला नाही, हा मुख्य आक्षेपांपैकी एक होता. दीर्घ आंदोलनानंतर ते कायदे २०२१ मध्ये रद्द करण्यात आले.

मूल्यमापन : करड्याचा बहिष्कार, दुष्काळी मजुरांनी टाकलेले काम व सार्वजनिक सभेचे वृत्तान्त यांपासून आजच्या ग्रामसभेपर्यंत लोकसहभागाची व्याप्ती निश्चितच वाढली आहे. पूर्वी जे दंग्याने वा संपाने सांगावे लागे, ते आता अर्जाने व सभेत सांगता येते. परंतु हा सहभाग मुख्यतः वितरणाच्या देखरेखीपुरता आहे. दुकानात आलेले धान्य मोजण्याचा अधिकार गावास मिळाला. कोणते धान्य यावे, हे ठरविण्याचा मिळालेला नाही. ज्वारी-बाजरी पिकविणाऱ्या व खाणाऱ्या गावांत शिधादुकानातून प्रामुख्याने गहू व तांदूळ येतात, हे याचे द्योतक होय. अधिनियमात भरडधान्याचा समावेश आहे, तसेच स्थानिक वितरणपद्धती व धान्यकोठ्या यांना उत्तेजन देण्याचा उल्लेखही आहे. तालुक्यात पिकलेली ज्वारी तालुक्यातच खरेदी करून तेथील शिधापत्रिकाधारकांस, अंगणवाड्यांस व शाळांस द्यावी की नाही, याविषयी ग्रामसभांचा ठराव बंधनकारक मानला गेला, तर उत्पादक व ग्राहक यांचे हित एकाच निर्णयात सांधता येणे शक्य आहे. दुष्काळ पडल्यावर साक्ष घेणे व पेरणीपूर्वी मत घेणे यांत जे अंतर आहे, ते किती कमी झाले, यावरच अन्नधोरणातील लोकसहभागाचे यश मोजावे लागते.